पॉवर सप्लायची एफिशियन्सी दुकानात बसून कशी तपासायची?

खानापूरचा_डीटीपीवाला
खानापुरात माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान. चार कॉम्प्युटर मशीन, सकाळी दहा ते रात्री आठ चालू. पावसात विजेनं त्यातले दोन पॉवर सप्लाय उडाले, म्हणून बेळगावातल्या एका दुकानातून '४५० वॅट' लिहिलेले चार नवे आणले. तेव्हापासून ६०० व्हीएच्या यूपीएसवर दोन मशीन घेतली की ते कोकलतंय. क्लॅम्प मीटर लावला, एका सीपीयूला ०.७८ अँपियर. गुणिले २३० म्हणजे जवळजवळ १८० वॅट! मशीन जुनं आय-फाइव्ह, ग्राफिक्स कार्डसुद्धा नाही. दुकानदार म्हणतोय, "ऐंशी टक्के एफिशियन्सी आहे की." खरं सप्लाय हातात घेतला तर बिस्किटाच्या रिकाम्या डब्यागत लागतोय. खरंखोटं कसं बघायचं?

वडगाव_रिपेरी
काय करूलास मर्दा, ते १८० वॅट न्हवं, व्हीए, म्हणजे नुसतं व्होल्ट गुणिले अँपियर. हलक्या सप्लायमध्ये पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) नसतंय, तो व्होल्टेजच्या लाटेच्या टोकालाच करंट ओढतोय. पॉवर फॅक्टर, म्हणजे व्हीएतला खऱ्या वॅटचा वाटा, ०.६ च्या आसपास धर, म्हणजे खरी वीज १०७ वॅटच्या घरात. बिल तेवढ्याचंच येणार, खरं यूपीएसला व्हीए सोसायला लागतंय, म्हणून ते कोकलतंय.
सॉकेटला लावायचा वॅटमीटर घे. तोवर हेस्कॉमच्या वीजमीटरवरचा लुकलुकणारा दिवा बघ. शेजारी ३२०० इम्पल्स (युनिटला ३२०० लुकलुकी) लिहिलं असलं तर दुकानातलं बाकी सगळं बंद कर, यूपीएस काढ, एकच सीपीयू थेट सॉकेटला लाव. दहा लुकलुकी मोज. ११,२५० ला तेवढ्या सेकंदांनी भागलं की वॅट.

टिळकवाडी_लॅब
त्यातून आत जाणारी वीज कळेल. एफिशियन्सी म्हणजे बाहेर पडलेली डीसी भागिले आत गेलेली एसी. लॅबमध्ये प्रत्येक रेलला, म्हणजे डीसी आउटपुटला, इलेक्ट्रॉनिक लोड लावून मोजतात. २००४ साली सुरू झालेल्या ८० प्लस या एफिशियन्सीच्या प्रमाणपत्राची मूळ अट २०, ५० आणि १०० टक्के लोडला किमान ८० टक्के अशी आहे. त्याच्याच वरच्या पायऱ्यांपैकी ब्राँझला ८२, ८५, ८२. गोल्डला ८७, ९०, ८७. हे आकडे ११५ व्होल्टचे. आपल्या २३० वर करंट निम्मा, म्हणून थोडी जास्तच मिळते.
गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट ५५ वॅटचे बल्ब लावून घरी करता येतं, पण तुमच्या त्या डब्यावर करू नका. थंड फिलामेंट सुरुवातीला भरमसाट करंट ओढतं. चांगला सप्लाय स्वतः बंद पडतो, हलका फुटतो. शिवाय साध्या क्लॅम्पला डीसी मोजता येत नाही.
त्यापेक्षा कुणाचा तरी ब्राँझ सप्लाय एका दिवसासाठी मागा. तेच मशीन, तोच प्रोग्राम, दोन्ही सप्लायवर वॅट बघा.

खानापूरचा_डीटीपीवाला
केलं. वॅटमीटर मागवला, भाच्याच्या गेमिंग मशीनमधला ४५० चा ब्राँझ काढून आणला (तो अजून रुसलाय). दोन्हीवर तीच मोठी पीडीएफ एक्स्पोर्टला लावली. माझा १०४ वॅट, पॉवर फॅक्टर ०.५८. भाच्याचा ८४ वॅट, ०.९६.

टिळकवाडी_लॅब
ब्राँझ ८५ टक्के धरला तर मशीनला सुमारे ७१ वॅट लागतात. मग तुमचा १०४ पैकी ६८-६९ टक्केच देतो. शिवाय ७१ म्हणजे ४५० च्या १६ टक्के, इतक्या खाली ब्राँझसुद्धा ८५ गाठेलच असं नाही. म्हणजे तुमचा याहूनही खाली असेल.

खानापूरचा_डीटीपीवाला
ऐंशी म्हणाला होता गडी! एका मशीनला २० वॅट, चार मशीन, दहा तास, म्हणजे दिवसाला ०.८ युनिट, महिन्याला एकवीसेक. त्यात ब्राँझची किंमत लगेच काही वसूल होत नाही. तरी यूपीएसवरची दोन मशीन आधी बदलतोय. भाच्याचा सप्लाय लावल्यावर त्याच यूपीएसवर दोन्ही मशीन मुकाट चालली.
जुन्यातले पंखे काढून ठेवू काय?

वडगाव_रिपेरी
काढ, खरं वायर उपसल्या उपसल्या हात घालू नको. आतल्या मोठ्या कपॅसिटरात सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असतात. बेळगावला आलास की घेऊन ये, मी डिस्चार्ज करून देतो.