लाइफ इज स्ट्रेंज : दोन भाग झाले, पुढे खेळू का? (स्पॉयलर आहेत)

सायली_के

सेलमध्ये पहिला 'लाइफ इज स्ट्रेंज' मिळाला, 2015चा, पाच भागांचा व्हिडिओ गेम. दोन भाग झालेत आणि आता अडकलेय. भंगारवाड्यात पाच बाटल्या शोधून आण म्हणाले तेव्हा गेम काढूनच टाकणार होते. हिरोइनीला, म्हणजे मॅक्सला, काळ मागे फिरवता येतो आणि मी तिला घेऊन बाटल्या गोळा करतेय! पण त्याच भागाच्या शेवटी मॅक्सची वर्गमैत्रीण केट मार्श जीव द्यायला गच्चीवर गेली आणि माझा जीव खालीवर झाला.

जुने रिव्ह्यू वाचले तर समीक्षक बऱ्यापैकी खूश दिसतात. खेळाडू मात्र शेवटावर तुटून पडलेत. शेवट काय आहे ते आमच्या बंधुराजांनी आमटी वाढून घेता घेता सांगून टाकलंय : वादळ येतं, मॅक्सच्या मैत्रिणीला, क्लोईला वाचव नाहीतर गावाला. आता हे कळल्यावर पुढचे तीन भाग खेळण्यात काही राम आहे का?

खारूताई

अगं सोड. ओठ एकीकडे, संवाद दुसरीकडे. पॅरिसच्या कंपनीने रंगवलेली ओरेगॉनची हायस्कूलची पोरं, तोंड उघडलं की 'हेला' (म्हणजे आपलं 'लई'). पाच भाग प्रत्येक निवडीला स्क्रीनच्या कोपऱ्यात फुलपाखरू फडफडवून सांगतात की याचे परिणाम होतील हं, आणि शेवटी हातात काय, तर दोन पर्याय. मग आधी जे केलं त्याचं लोणचं घालायचं का?

जुना_खेळिया

ओठांचं खारूताई म्हणतात ते शंभर टक्के खरं. 2022च्या रीमास्टर्ड म्हणजे सुधारित आवृत्तीत चेहरे सुधारले, तरी मूळ गेममध्ये माणसं बाहुल्यांसारखी बोलतात. 'हेला'चंही मान्य. पण सगळं खापर पॅरिसवर फोडू नका, कथा झाँ-ल्यूक कानोची असली तरी इंग्रजी संवादांवर क्रिश्चन डिव्हाइन हा अमेरिकन लेखक होता.

आता शेवटाचं. सायली, तुम्ही वाचलेले बरेचसे रिव्ह्यू अख्ख्या गेमचे नाहीतच, एकेका भागाचे आहेत. पहिला भाग 30 जानेवारीला आला, मग 24 मार्च, 19 मे, 28 जुलै, आणि पाचवा थेट 20 ऑक्टोबरला. दर वेळी समीक्षकाने त्या एका भागाला गुण दिले. पहिल्या भागाला मिळालेले गुण म्हणजे पुढे काहीतरी भारी येणार या भरवशावर दिलेली उधारी होती. ती पाचव्या भागात वसूल करायची वेळ आली तेव्हा लोक चिडले.

मी तेव्हा सोलापुरात होतो. नेट असं की रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट, बाकी दिवसभर मोजून मापून. भाग आला की गजर लावून उठायचं, डाउनलोड लावायचं, परत झोपायचं. चौथा भाग जिथे तुटतो (ते भावाने सांगितलं नसेल तर त्याला आत्ताच तंबी द्या) तिथून पाचव्यापर्यंत जवळपास तीन महिने. त्या काळात आमच्या ग्रुपवर काय काय तर्क लढवले गेले! कोण गुन्हेगार, दोन चंद्र का दिसले, मेलेले पक्षी कुठून आले, वादळ कोणामुळे. कुणाकुणाचे तर्क खऱ्या कथेपेक्षा सरस होते, हे मी आजही म्हणेन. डोन्टनॉडने (तीच ती पॅरिसची कंपनी) काहीही दिलं असतं तरी ते त्या तीन महिन्यांच्या गप्पांपुढे फिकंच पडलं असतं. तुम्हाला ती वाट बघावी लागणार नाही, त्यामुळे शेवट तुम्हाला तेवढा टोचणार नाही. आमची मजा मात्र तुमच्या वाट्याला येणार नाही, त्याला इलाज नाही.

'निवडींना अर्थ नाही' हे मला पटत नाही. तुम्ही केटचा सीन खेळलाय ना? गच्चीवर मॅक्सची शक्ती संपते, रिवाइंड चालत नाही. पहिल्यांदाच बोललेला शब्द परत घेता येत नाही. तिथे केटला थांबवायला काय लागतं? डायनरमध्ये तिचा फोन आला तेव्हा क्लोई समोर बसून तोंड वाकडं करत होती, तरी तुम्ही उचलला होता का? तिच्या खोलीत गेलात तेव्हा टेबलावरच्या वस्तू बघितल्या, की नुसतं काम उरकून बाहेर पडलात? घरातलं कोण तिच्या पाठीशी आहे, बायबलमधलं कुठलं वचन तिला धीर देतं, हे तिथे अचानक विचारलं जातं. मी वस्तू बघायचा कंटाळा करणारा माणूस, पण त्या सीननंतर प्रत्येक खोलीतला कागद न् कागद वाचायला लागलो. निवडीचा परिणाम म्हणजे दर वेळी वेगळा शेवटच हवा असं कोणी ठरवलं?

आणखी एक बारीकसं. मॅक्सच्या खोलीत लिसा नावाचं रोप आहे. दिसलं की पाणी घातलंत तर मरतं. एवढ्या मोठ्या वादळाच्या गोष्टीत कुणीतरी बसून हे लिहिलंय, म्हणून मला हा गेम आवडतो.

शेवटाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. क्लोईचा बळी दिला तर अंत्यविधी, गावातली सगळी माणसं, गाणं, निवांत निरोप. गावाचा बळी दिला तर दोघी पडझडीतून गाडी काढतात आणि काही मिनिटांत संपलं. एका बाजूला पंगत, दुसऱ्या बाजूला प्रसादाची पुडी. खेळाडू जवळपास निम्मे-निम्मे वाटले गेले होते, म्हणजे अर्ध्या लोकांना पुडीच मिळाली. शिव्या तिथून आल्या, आणि त्या रास्त आहेत. बाफ्ता या ब्रिटिश संस्थेने 2016 साली कथेचं पारितोषिक दिलं म्हणून ते माफ होत नाही.

खेळाच. रोज एकच भाग, मध्ये एखादा दिवस जाऊ द्या. गाइड उघडू नका. चौथ्याची सुरुवात मात्र रात्री एकट्याने खेळू नका, जड आहे. पाचव्यात अंधारात लपतछपत जायचा एक रटाळ तुकडा येतो, तो दात आवळून पार करा. तिथे परत बाटल्या दिसतील, मुद्दाम ठेवल्यात खट्याळांनी.

अबोली_नाशिक

मी अकरावी-बारावीला शिकवते, गेम फारसे खेळत नाही. हा मुलीमुळे शेजारी बसून बघितला. केटचा पार्टीतला तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतो, बाथरूमच्या आरशावर त्याची लिंक लिहिलेली असते, आणि मोठी माणसं तिलाच 'नीट वाग' म्हणून ऐकवतात, हे इतकं ओळखीचं वाटलं की मी मध्येच उठून गेले. कंपनीने याच विषयासाठी वेबसाइटवर मदतसंस्थांचं वेगळं पान ठेवलं होतं. समीक्षकांचं मला कळत नाही, पण घरी कुमारवयीन मूल असेल तर हा भाग सोबत बसूनच बघा.

सायली_के

@जुना_खेळिया फोन उचलला होता, पण खोलीत काही बघितलं नाही. वचन ठोकून दिलं, चुकलं. केट तरी कशीबशी खाली आली. म्हणजे थोडक्यात वाचले म्हणायचं? लिसाला मात्र दोन्ही वेळा पाणी घातलंय. बंधुराजांना चौथ्याबद्दल विचारलं तर नुसते हसतायत, त्यांना घराबाहेर काढते आणि तिसरा सुरू करते.

खारूताई

तिसऱ्यात रात्री शाळेच्या तलावात पोहायचा सीन आहे, तो घाई न करता बघ. तेवढा एक चांगला जमलाय. बाकी माझं मत तेच.