स्वित्झर्लंडमध्ये इंडोनेशियाच्या पामतेलावरून मतदान का झालं? कोणी नीट समजावेल का

भांडुपकर
नमस्कार मंडळी. मी मशीद बंदरला एका तेलाच्या पेढीवर १८ वर्षं कागदपत्रं बघतोय, बिल ऑफ एन्ट्री, लॅबचे रिपोर्ट, टँकरच्या पावत्या वगैरे. मुलगी टीवायला आहे, इकॉनॉमिक्स घेतलंय, तिला प्रोजेक्टला स्वित्झर्लंड आणि इंडोनेशियाचा व्यापार करार आलाय. काल रात्री जेवताना ती मला विचारत होती आणि तेलाच्या धंद्यात असून मला उत्तर देता आलं नाही, ते मनाला लागलं म्हणून इथे विचारतोय.

तिने सांगितलं ते असं की करारावर २०१८ च्या डिसेंबरमध्ये जकार्तात सह्या झाल्या, स्वित्झर्लंडच्या संसदेने पण मंजूर केला आणि तरीसुद्धा ७ मार्च २०२१ ला अख्ख्या देशाने त्यावर मतदान केलं आणि करार जेमतेम ५१.६ टक्क्यांवर पास झाला. भांडण पामतेलावरून. आणि आयात ड्युटीत सवलत किती तेलाला, तर पहिल्या वर्षी १०,००० टन. अहो १०,००० टन म्हणजे आमच्याकडे एका जहाजातून एका वेळेला उतरतं. एवढ्याशा मालासाठी निम्मा देश विरोधात का जातो, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

उरण_सीएचए
दादा प्रश्न एकदम बरोबर जागी आहे. मी न्हावा शेव्याला क्लिअरिंगचं काम करतो, त्यामुळे माझ्या बाजूने सांगतो.

पहिलं म्हणजे मतदान कसं झालं. तिकडे संसदेने मंजूर केलेल्या गोष्टीविरुद्ध १०० दिवसांत ५०,००० सह्या जमवल्या की लोकांचं मत घ्यावंच लागतं. इथे पुढाकार घेतला जिनिव्हाकडच्या एका सेंद्रिय द्राक्षं पिकवणाऱ्या, वाइन करणाऱ्या शेतकऱ्याने. म्हणणं असं की जंगल तोडून लावलेल्या झाडांचं तेल आम्ही स्वस्तात का आणायचं आणि आमच्या रेपसीड (मोहरीसारखं तेलबी) आणि सूर्यफुलाच्या शेतकऱ्याने काय करायचं.

आता तेलाला मिळालं काय ते बघा. ड्युटी शून्य झालेली नाही, फक्त २० ते ४० टक्के कमी झालीय आणि ती पण कोट्यापुरती, १०,००० टनांपासून सुरू होऊन पाच वर्षांत १२,५०० पर्यंत. आणि ही सवलत कुठल्याही तेलाला नाही, ठरलेलं सर्टिफिकेट असलेल्यालाच, म्हणजे मळ्यापासून माग काढता आला पाहिजे आणि वाटेत दुसऱ्या तेलात मिसळलेलं नको. त्यासाठी माल २२ टनांच्या टाक्यांमधूनच आणायचा अशी अट घातलीय. दादा तुम्हाला माहितीच आहे आपल्याकडे पामतेल कसं येतं, जहाजाच्या मोठ्या टाकीत दहा मळ्यांचं तेल एकत्र झालेलं असतं, किनाऱ्यावरच्या टाकीत अजून मिसळतं, मग कोणाच्या शेतातलं कुठलं हे देव पण सांगू शकणार नाही. २२ टन म्हणजे साधारण एका कंटेनरचा माल. तेवढा वेगळा भरून, सील करून, समुद्र नसलेल्या देशात न्यायचा. आणि पामतेल थंडीत थिजतं, तेव्हा उतरवताना तापवायचा खर्च वेगळा. एवढं सगळं करून ड्युटीत जे वाचतं ते हातात किती राहतं याचा हिशोब मुलीला मांडायला सांगा, प्रोजेक्टचा जीव तिथेच आहे.

माझं स्पष्ट मत, १०,००० टनांवर भांडण नव्हतंच. माल कसा पिकवला यावर ड्युटी ठरवायची ही नवी गोष्ट होती. आजवर आपण बघत आलो माल काय आहे आणि कुठून आलाय, एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा ठरलेला नंबर) आणि सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, संपलं. आता तेच तेल, तोच कोड, तोच देश, पण एकाला सवलत आणि दुसऱ्याला नाही.

माहीमची_वाचक
एक गोष्ट राहिली. स्वित्झर्लंडला या करारात तेल नकोच होतं फारसं, इंडोनेशियाकडून ते आधीही नावापुरतंच घ्यायचे. त्यांना हवी होती त्यांच्या मशिनरी, औषधं, केमिकल, घड्याळं यांना तिकडची बाजारपेठ. टप्प्याटप्प्याने त्यांच्या ९८ टक्के मालावरची इंडोनेशियातली ड्युटी जाणार आहे. करार १ नोव्हेंबर २०२१ ला लागू झाला आणि त्यांच्यासोबत नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन पण आहेत, या चौघांच्या व्यापारी गटाला एफ्टा म्हणतात.

चेंबूर_काकू
सगळ्यांनी छान लिहिलंय पण मला एका बाजूची खंत वाटते ती मांडते. मी बँकेत शेती कर्जाच्या विभागात होते, आता रिटायर आहे. इंडोनेशियात पामच्या लागवडीपैकी साधारण ४० टक्के जमीन छोट्या शेतकऱ्यांकडे आहे, दोन-चार हेक्टरवाले. सर्टिफिकेट काढायचं म्हणजे जमिनीची कागदपत्रं, नकाशा, तपासनीसाची फी, दरवर्षीचा ऑडिट. मोठी कंपनी हे सहज करते. छोट्याच्या नावावर कित्येकदा जमिनीचा धड कागद पण नसतो, आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव असतं ना तसंच. मग नियम जंगल वाचवायला केलेला असला तरी बाहेर पडतो तो गरीब माणूस. जंगल वाचलंच पाहिजे, त्यात दुमत नाही, पण सर्टिफिकेटचा खर्च कोणी उचलायचा हे करारातच ठरलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मुलीला हा मुद्दा जरूर घालायला सांगा.

आणि आपण लांबून बघतोय असं समजू नका. लहानपणी रेशनचं पामोलीन यायचं, हिवाळ्यात डब्यात पांढरं थिजायचं, आई चुलीजवळ ठेवायची. २०२२ च्या दिवाळीला सरकारने १०० रुपयांत आनंदाचा शिधा दिला त्यात रवा, साखर, चणाडाळीबरोबर एक लिटर पामतेलच होतं.

भांडुपकर
काकू, तुमचं वाचून आठवलं, त्याच वर्षी २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली होती. तीन-साडेतीन आठवडे बंद होती पण आमच्या पेढीवर सकाळ-संध्याकाळ वेगळे भाव, वडापाववाले नेहमीचे गिऱ्हाईक येऊन विचारायचे डबा केवढ्याला आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. तेव्हा कोणी विचारलं नाही हे तेल कुठल्या जंगलातलं, मिळेल का एवढाच प्रश्न होता. मी पण विचारलं नाही, इतक्या वर्षांत कधीच नाही.

उरणवाले दादा, एक शेवटचं. आपला पण एफ्टाशी करार झालाय ना, त्यात असलं काही आहे का?

उरण_सीएचए
आहे झालेला. १० मार्च २०२४ ला सह्या, १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू. वाटाघाटी २००८ पासून चालल्या होत्या. आपल्या करारात गाजलं ते १५ वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १० लाख नोकऱ्या हे उद्दिष्ट. शाश्वत विकासाचं प्रकरण त्यात पण आहे, पण पामतेलासारखी ड्युटीला बांधलेली अट मला त्यात दिसली नाही. अजून एक, स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासून औद्योगिक मालावरची आयात ड्युटी सगळ्यांसाठीच काढून टाकलीय, त्यामुळे तिकडे सवलत मागण्यासारखं उरलंय ते मुख्यतः शेतमालात. उद्या आपल्या आंब्याला किंवा तांदळाला कोणी म्हणालं की कुठल्या शेतातला ते दाखवा आणि वेगळ्या पेटीतून आणा, तर कोकणातला दोन एकरवाला काय दाखवणार, हे काकूंनी म्हटलं तेच.

भांडुपकर
मुलीला सगळं वाचून दाखवलं. ती २२ टनांचा हिशोब मांडतेय, ड्युटी किती वाचली, कंटेनर आणि तापवण्याचा खर्च किती. तिला जकार्ता ते रॉटरडॅम एका कंटेनरचं भाडं हवंय आणि तिथून र्‍हाइन नदीतून बार्जने बाझेलपर्यंतचं. कोणाकडे अलीकडचं कोटेशन असेल तर सांगा, शनिवारी सबमिशन आहे.