'दीडपट वेगाने पाहिला तरी चित्रपट तोच' : सपशेल असहमत

अंधारातली_खुर्ची:
परवाच्या धाग्यावर एकांनी लिहिलं, '"सैराट"चा शेवट मोबाईलवर दीडपट वेगाने पाहिला, गोष्ट कळली, आत काही हललं नाही. कौतुक फुगवलेलं आहे.' राहवलं नाही म्हणून लिहिते.

त्या शेवटात मारणं दिसतच नाही. आर्चीचा भाऊ माणसं घेऊन येतो, ती चहा देते. बाहेर गेलेलं पोर परत येतं आणि आवाज पूर्ण बंद होतो. पोर रडतंय, ते ऐकू येत नाही. उरतात रक्ताचे पाऊलठसे. पावणेतीन तास गाण्यांनी आणि गलक्याने भरलेला कान एकदम रिकामा पडतो, आणि बघणाऱ्याचा स्वतःचा विचार तिथे सुरू होतो. दीडपट वेगात ३० सेकंदांची जागा २० वर येते. गोष्ट कळेल, विचाराला जागा राहणार नाही.

भरदुपार:
असहमत. पुस्तक हवं तिथे मिटतो, मागे जातो, त्याला कुणी नावं ठेवत नाही. 'फँड्री'त राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकरामागे धावणारं कुटुंब जागच्या जागी थांबतं. ती चौकट थांबवून एकेक चेहरा पाहिला की जे दिसतं ते थिएटरात निसटतं. रात्री अकराला, पोरं झोपल्यावर पाहणाऱ्यांना अंधाऱ्या हॉलचे उपदेश देऊ नका.

अंधारातली_खुर्ची:
थांबवणं आणि पळवणं एकच धरू नका! थांबवल्याने वेळ वाढतो, पळवल्याने कापला जातो.

मधला_स्पीकर:
मूळ दुखणं वेगळंच आहे. घरी संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून लोक कंटाळतात आणि पळवतात. ५.१ मिक्समध्ये (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा, अशा मांडणीसाठीचा आवाज) संवाद मुख्यतः मधल्या ट्रॅकवर असतात. टीव्हीला दोनच स्पीकर, तेही खाली किंवा भिंतीकडे तोंड केलेले. दोन चॅनेलमध्ये उतरवताना मधला ट्रॅक साधारण ३ डेसिबलने कमी करून डाव्या-उजव्यात वाटतात, वर मागच्या स्पीकरचा गोंगाटही त्यातच. उपाय: ऑडिओच्या यादीत ५.१ ऐवजी स्टिरिओ, म्हणजे दोन चॅनेलचा, ट्रॅक असेल तर तो निवडा. टीव्हीचा 'सराउंड' इफेक्ट बंद करा. साउंडबारला मधला स्पीकर असेल तर फक्त संवादाची पातळी दोन-तीन पायऱ्या वर घ्या, एकूण आवाज नको.

भरदुपार:
मग नाइट मोड लावला की झालं. शेजारीही झोपतात.

मधला_स्पीकर:
नाही झालं. नाइट मोड हळू आवाज वर उचलतो, मोठा खाली दाबतो. 'सैराट'मधली शांतता परिणाम करते ती आधीच्या आवाजावरून झालेल्या घसरणीमुळे. आधीचा आवाजच दाबला तर घसरण कसली? रात्री पाहायचं तर वायरचे हेडफोन लावा, नाइट मोड बंद ठेवा. ब्लूटूथवर कधीकधी ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

चोवीस_चौकटी:
आवाजावर एवढं बोलताय, चित्राचं काय? 'कोर्ट' पाहा. कॅमेरा बहुतेक जागचा हलत नाही. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. चित्रपट संपला असं वाटतं, आणि मग न्यायाधीशांची सहल सुरू होते. पळवणारा इथेच टीव्ही बंद करतो! दुसरं, चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. नवे टीव्ही मधे खोट्या चौकटी भरतात, म्हणून मालिकेसारखा गुळगुळीतपणा येतो. ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस, नाव कंपनीगणिक वेगळं. ते बंद करा किंवा फिल्ममेकर मोड (चित्र मुळासारखं ठेवणारी टीव्हीची सेटिंग) लावा.

भरदुपार:
फिल्ममेकर मोडमध्ये चित्र पिवळट आणि अंधुक दिसतं.

चोवीस_चौकटी:
दुकानात झगमगाटासाठी लावलेल्या निळसर रंगाची डोळ्यांना सवय झालेली असते. खोलीतली ट्यूबलाइट बंद करून पंधरा मिनिटं पाहा, डोळे बसतात.

भरदुपार:
बरं, स्टिरिओ ट्रॅकने संवाद सुधारले, एवढं मान्य करावं लागतंय. 'सैराट'चा शेवट पळवू नये हेही मान्य. पण ते त्या शेवटापुरतंच. मधली गाणी मी पुढे ढकलणारच.

अंधारातली_खुर्ची:
मग घसरण कुठून होणार? मधला_स्पीकर यांचा नाइट मोडवरचा प्रतिसाद परत वाचा!