मदत हवी आहे: ओपन सोर्स ड्रायव्हरवर नीट चालणारे ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे?

तिरपा_कंस
काल लिनक्सचे कर्नल (यंत्रणेचा गाभा) अपडेट झाले, कार्डाच्या बंद (कोड गुप्त असलेल्या) ड्रायव्हरचे मोड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) त्यासाठी पुन्हा बांधलेच गेले नाही, आणि सकाळी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या कर्सरखेरीज काहीही दिसेना. वर्षभरात हे तिसऱ्यांदा झाले. कार्ड कोणते ते लिहीत नाही, कारण ते आता जाणारच आहे. ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, असे कार्ड हवे आहे. लेखन, फोटोंचे संपादन आणि अधूनमधून एखादा खेळ, एवढाच वापर आहे. पडदा ४के, १२० हर्ट्झचा आहे. कृपया लवकर सांगा. दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून लिहीत आहे.

रात्रपाळी
एएमडी घ्या, विषय संपला. एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर २०१५ साली कर्नल ४.२ मध्ये आला, खेळांना लागणाऱ्या व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीसाठी मेसा या मुक्त ग्राफिक्स संचात आरएडीव्ही हा ड्रायव्हर आहे, आणि माझ्या यंत्रावर गेल्या पाच वर्षांत ड्रायव्हर म्हणून वेगळे काही बसवावे लागलेले नाही.

जुनी_वायर
विषय इतक्यात संपत नाही. डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) कोणते आणि कोणत्या आवृत्तीचे, मदरबोर्ड किती जुना, आणि पडदा कोणत्या केबलने जोडला आहे, हे कळल्याशिवाय कार्डाचे नाव सुचवणे म्हणजे माप न घेता कपडे शिवणे होईल.

अनुस्वार
एएमडीचा ड्रायव्हर मुक्त असला तरी कार्ड सुरू होताना त्यात बंद फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा कंपनीचा कोड) भरावेच लागते, हे कोणी सांगत नाही याचे आश्चर्य वाटते. लिनक्स-लिबर या पूर्णपणे मुक्त कर्नलमधून ते फर्मवेअर वगळलेले असते आणि त्यावर ही कार्डे नावापुरतीच चालतात.

रात्रपाळी
धागाकर्त्याने तत्त्वज्ञान विचारलेले नाही, चालणारे कार्ड विचारले आहे. डेबियन या डिस्ट्रोनेही १२व्या आवृत्तीपासून अमुक्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतले आहे.

घड्याळजी
नवे कशाला? एनव्हिडियाचे जीटीएक्स १०००च्या मालिकेतील जुने कार्ड घ्यावे; त्याचा नूवो हा मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो.

जुनी_वायर
कृपया असा सल्ला देऊ नये. जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांत कार्डाचा वेग वाढवण्यासाठी कंपनीच्या सहीचे फर्मवेअर लागते आणि ते नूवोला कधी मिळालेच नाही, त्यामुळे कार्ड सुरू होतानाच्या मंद वेगावरच अडकून राहते. एनव्हिडियाच्या त्यानंतरच्या ट्युरिंग पिढीपासून पुढे चित्र बदलले: कर्नल ६.७ पासून नूवो कार्डाचा वेग सांभाळणारे जीएसपी फर्मवेअर वापरू शकतो आणि मेसामध्ये एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर आहे. एनव्हिडियाने २०२२ साली स्वतःची कर्नल मोड्यूल खुली केली खरी, पण वरचा ओपनजीएल-व्हल्कनचा (चित्र रेखाटणारा) भाग अजूनही बंदच आहे. म्हणजे निम्मेच दार उघडले.

बिंदुमात्र
आरओसीएम या एएमडीच्या गणनसंचाची अधिकृत यादी पाहूनच एएमडी घ्यावे, नाहीतर भाषेची मॉडेल घरी चालवताना पस्तावाल.

तिरपा_कंस
मॉडेल चालवायची नाहीत. डेबियन १२ आहे, बोर्ड दहा वर्षे जुना आहे, केबल एचडीएमआय. हे इतके महत्त्वाचे असेल असे वाटले नव्हते. एएमडीचे नवे आरएक्स ९०६० एक्सटी पाहून ठेवले आहे, आणि इंटेलचे आर्क स्वस्त वाटते.

जुनी_वायर
आता बोलता येईल. आर्क या बोर्डावर घेऊ नये; त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, आणि तो नसेल तर खेळांत कार्डाचा वेग फार पडतो. आरएक्स ९०६० एक्सटी चांगले आहे, पण डेबियन १२ मधील कर्नल ६.१ आणि मेसा २२.३ हे दोन्ही त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. बॅकपोर्टमधून (जुन्या आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांतून) नुसते नवे कर्नल आणले तरी मेसा जुनीच राहते. डेबियन १३ मध्ये कर्नल ६.१२ आणि मेसा २५.० आहे, तिथे ते ओळखले जाईल. राहिली केबल. २०२४च्या फेब्रुवारीत एचडीएमआयचे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने एएमडीला एचडीएमआय २.१ ची अंमलबजावणी ओपन सोर्स ड्रायव्हरमध्ये करू दिली नाही, हे उघड झाले. त्यामुळे एचडीएमआय २.० च्या मर्यादेत ४के चित्र ६० हर्ट्झलाच पूर्ण रंगांसह मिळते आणि १२० हवे असल्यास रंगांची माहिती कमी करावी लागते. डिस्प्लेपोर्टला ही अडचण नाही.

रात्रपाळी
हा दोष ड्रायव्हरचा नव्हे, फोरमचा आहे.

जुनी_वायर
दोष कोणाचाही असो, ६० हर्ट्झ यांच्या पडद्यावर दिसतील.

तिरपा_कंस
माझ्या पडद्याला एचडीएमआयच आहे, असे लिहिणार होतो. टॉर्च घेऊन मागे वाकून पाहिले, तर शेजारच्या खाचेवर काळे रबरी टोपण बसवलेले होते आणि ते काढल्यावर डिस्प्लेपोर्ट निघाला. तीन वर्षांत तिकडे पाहिलेच नव्हते. कार्ड मागवतो. आधी डेबियन बदलू, की आधी कार्ड लावू?

जुनी_वायर
आधी डेबियन, तेही जुने कार्ड आणि त्याचा बंद ड्रायव्हर काढून, बोर्डावरच्या ग्राफिक्सवर. पडद्यासाठी बोर्डाला खाच असेल तर. नाहीतर नवे कार्ड लावून पुन्हा त्याच लुकलुकणाऱ्या कर्सरसमोर बसाल. आणि पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे, तेही तुम्ही अजून सांगितलेले नाही.