मदत हवी आहे: वॉक सायकलला 'वजन नाही' म्हणतात, म्हणजे नेमकं काय करू?

रेघोट्या
अ‍ॅनिमेशन शिकतोय, वॉक सायकल (पुन्हा पुन्हा फिरणारं दोन पावलांचं चालणं) केलीय. कॅरेक्टर चालतंय, पाय पडतायत, हात हलतायत. ज्यांना दाखवलं ते बहुतेक 'भारी!' म्हणून मोकळे झाले. एकांनी लिहिलं, 'वजन नाही, तरंगतोय'. बस, एवढंच. पुढे विचारलं तर म्हणे अ‍ॅनिमेशनची प्रिन्सिपल्स बघ. बाराच्या बारा पाठ आहेत, त्यातलं इथे कुठलं लागतं? शोरीलमध्ये (कामाचे नमुने दाखवणाऱ्या व्हिडिओत) टाकायचंय आणि वेळ नाहीये. कृपया कौतुक नको, कुठे गडबड आहे ते स्पष्ट सांगा. लिंक खाली आहे.

निळा_कावळा
लिंक परवानगी मागतेय, उघडत नाही. टूडी की थ्रीडी? कशात केलंय? एफपीएस (सेकंदाला फ्रेम) किती?

पेन्सिलवाला
आधी सॉफ्टवेअर बंद करा. कागदावर उसळणारा चेंडू काढा, एक जड आणि एक हलका. जड चेंडू पटकन बसतो, हलका रेंगाळतो. हे हाताला कळल्याशिवाय माणूस चालवू नये असं माझं ठाम मत आहे.

अर्धविराम
शोरीलसाठी असेल तर एक मिनिटाच्या आत ठेवा, सगळ्यात चांगला शॉट पहिला लावा. बरेच जण पहिले काही सेकंद बघूनच ठरवतात. शेवटी नाव आणि ईमेल विसरू नका.

रेघोट्या
@अर्धविराम, आभार, पण ते विचारलं नव्हतं. @पेन्सिलवाला, चेंडू करून झालाय.
लिंक खुली केली. थ्रीडी, ब्लेंडर, तयार रिग (कॅरेक्टर हलवायचा सांगाडा). जागच्या जागी चालणारी सायकल, २४ फ्रेमची. एफपीएस जे असतं तेच.

निळा_कावळा
'जे असतं ते' नाही चालणार. ब्लेंडरमध्ये मुळात २४ असतं, पण तयार रिगच्या फाइलमध्ये ३० किंवा ६० ठेवलेलं असू शकतं. ३० असेल तर तुमची सायकल सेकंदाऐवजी ०.८ सेकंदात संपेल. आणि टायमिंग व्ह्यूपोर्टमध्ये (काम करायच्या खिडकीत) बघून ठरवता का? प्ले करताना वरचा एफपीएसचा आकडा लाल झाला तर मशीन मागे पडतंय, मग डोळ्याला दिसतं ते खरं नाही. व्ह्यूपोर्ट रेंडर (त्या खिडकीचा व्हिडिओ) काढून त्यावर ठरवा.

दोनदोनवर
थ्रीडीत सगळं असंच गुळगुळीत आणि निर्जीव होतं. टूडीत या, सेकंदाला १२ चित्रं, प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरायचं. ओपनटून्झ २०१६ पासून फुकट मिळतं, जिब्ली स्टुडिओत वापरलेलं सॉफ्टवेअर आहे.

थांबलेलं_घड्याळ
@दोनदोनवर, वजनाचा आणि टूडी-थ्रीडीचा संबंध नाही. त्यांना माध्यम बदलायचं नाहीये.

@रेघोट्या, एकेक फ्रेम सरकवून पाहिलं. स्पष्ट मागितलंय म्हणून स्पष्ट लिहिते.

कंबर उलटी चालतेय. पाऊल टेकतं तेव्हा, फ्रेम १ आणि १३ ला, ती सगळ्यात वर आहे. खरं तर टेकल्यावर भार गुडघ्यावर येतो आणि शरीर खाली बसतं. सगळ्यात खाली ४ आणि १६ ला आणा, सगळ्यात वर १० आणि २२ ला. 'तरंगतोय' म्हणणाऱ्यांना बहुधा हेच दिसलं.

दुसरं, समोरून बघा. ७ ला एक पाय हवेत आहे आणि कंबर मात्र बरोबर मधोमध. असा माणूस पडेल. ती टेकलेल्या पायाकडे सरकायला हवी. वर-खाली एका सायकलमध्ये दोनदा होतं, डावं-उजवं एकदाच, म्हणून दोन्ही कर्व्ह (हालचालीच्या आलेखातल्या रेषा) वेगळे तपासा.

तिसरं, टेकलेलं पाऊल घसरतंय. ब्लेंडर आपोआप बेझिअर (वेग हळूहळू वाढवणारा-घटवणारा कर्व्ह) लावतो, म्हणून पाऊल हळू निघतं, मधे धावतं, परत हळू होतं. जमीन एकाच वेगाने मागे जायला हवी. ग्राफ एडिटरमध्ये पुढे-मागेच्या कर्व्हवर टेकलेल्या भागातल्या कीज (पोझ ठरवलेले बिंदू) निवडा, टी दाबा, लीनियर (एकाच वेगाचं) करा. उचललेल्या पायाचा भाग तसाच राहू द्या.

आणखी एक. लायटिंग, टेक्सचर, संगीत लावून दाखवलंत म्हणून 'भारी' आलं. लोकांनी उजेडाला दाद दिली. पुढच्या वेळी ब्लॉकिंग (मुख्य पोझ मांडणं) झालं की करड्या रंगात, समोरून आणि बाजूने दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: भार कुठल्या पायावर दिसतो? त्या टप्प्यावर पोझ बदलणं सोपं असतं.

पेन्सिलवाला
शेवटच्या मुद्द्याशी असहमत. अर्धवट काम चारचौघांत दाखवू नये. लोक पोझ सोडून चेहरा का नाही, बोटं का नाहीत हेच बोलतात, आणि नवीन माणूस खचतो.

थांबलेलं_घड्याळ
लोक काय बघतील ते विचारण्यावर आहे. 'कसं वाटलं?' विचारलं तर बोटांवर बोलणारच. 'फक्त कंबर बघा' लिहिलं की बरेच जण कंबरच बघतात. खचण्याचं म्हणाल तर सगळं पॉलिश झाल्यावर 'पाया चुकला' ऐकणं जास्त लागतं.

पेन्सिलवाला
मग एकदोन जाणकारांना दाखवा. सगळ्यांना कशाला?

अर्धविराम
ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे? प्लेबॅक त्यामुळेही अडकतो.

रेघोट्या
एफपीएस ३० निघालं, २४ केलं. पाऊल लीनियर केल्यावर घसरणं पूर्ण गेलं, हे कुणीच सांगितलं नव्हतं! कंबर खाली-वर बदलली, डावी-उजवी सरकवली. पण आता बदकासारखं चालतंय. आता काय?

थांबलेलं_घड्याळ
सरकणं जास्त झालं असेल, निम्म्यावर आणा. कंबर थोडी कलवा, उचललेल्या पायाची बाजू किंचित खाली. खांदे तिच्या उलट कलवा. छाती कंबरेबरोबर अख्खी हलत असेल तर बदक दिसणारच.

निळा_कावळा
लिंकवर अजून जुनाच व्हिडिओ आहे. नवीन टाका, समोरून काढलेला.