अल्झायमर: औषधांवरून घरात एकमत होत नाहीये, कसं बोलू?

मधलीलेक:
आईला सुरुवातीच्या अवस्थेतला अल्झायमर आहे. डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम चालू आहे. भाऊ रोज लेकानेमॅब या नव्या औषधाच्या बातम्या पाठवतो, "हेच द्यायचं, पैशाचं मी बघतो." बाबांचं म्हणणं, म्हातारपणी विसरतातच माणसं, मळमळतंय तर आहे ती गोळीही बंद करा. डॉक्टरांसमोर दोघं आपापलं बोलतात आणि वेळ संपते. सुरुवात कुठून करू?

समुपदेशक_मेमरीक्लिनिक:
औषधाच्या नावापासून नको. मी घरच्यांना आधी विचारते, वर्षभराने काय दिसायला हवं? भाऊ बहुतेक म्हणेल, आई पूर्वीसारखी. तसं करणारं औषध आज नाही, हे तिथल्या तिथे स्पष्ट सांगा. डोनेपेझिल लक्षणं थोडी सावरतं, आजार थांबवत नाही. लेकानेमॅबने १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, बातमीत तेवढंच येतं. स्मृती आणि रोजचे व्यवहार मोजणाऱ्या १८ गुणांच्या मापावर तो फरक ०.४५ गुणाचा होता. त्यासाठी दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, आणि मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होतोय का हे बघायला सुरुवातीच्या महिन्यांत वरचेवर एमआरआय. मुळात मेंदूत अमायलॉइड (या आजारात साठणारं प्रथिन) साठलंय हे सिद्ध व्हावं लागतं. एपीओई४ जनुकाच्या दोन प्रती असतील तर सूज-रक्तस्रावाचा धोका वाढतो, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तरी. भावाला हे सगळं एकदम सांगा, हप्त्याहप्त्याने नको.

बाबांची तक्रार मात्र रास्त आहे (अशा बैठकीत बाबांचं कुणी ऐकत नाही, हा माझा अनुभव). मळमळ या गोळीने होऊ शकते. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. रिवास्टिग्मिन या तशाच औषधाचा त्वचेवर चिकटवायचा पॅच हा एक पर्याय असतो, त्याने पोटाचा त्रास त्याच औषधाच्या कॅप्सूलपेक्षा कमी होतो.

सोबती६८:
ताई, तिघांचं म्हणणं कळलं. आईंना कुणी विचारलंय का? या अवस्थेत माणूस आपलं मत नीट सांगू शकतं. माझ्या बायकोने सांगितलं होतं, म्हणून पुढचे निर्णय मला जड गेले नाहीत.

मधलीलेक:
काल विचारलं. म्हणाली, "गोळी घेईन, पण त्या एमआरआयच्या नळीत पुन्हा जाणार नाही." म्हणजे लेकानेमॅबचा प्रश्न जवळजवळ मिटलाच. भावाला हे तिच्याच तोंडून ऐकू दे, रविवारी व्हिडिओ कॉल लावतेय. पॅचचं डॉक्टरांना आजच विचारते.