3 डिसेंबरला अपंगत्वावरच्या सिनेमांचा महोत्सव: यादी बघून सांगा

कृष्णाकाठ (कराड):
नमस्कार मंडळी. आम्ही काही जण कराडात एक छोटं चित्रपट मंडळ चालवतो. महिन्यातून एक सिनेमा, नंतर चहा आणि गप्पा. जागतिक दिव्यांग दिनाला धरून यंदा दोन दिवसांचा महोत्सव करायचं ठरलंय. पणजीत 2023 पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव होतो, त्याबद्दल वाचून हुरूप आला.

सध्याची यादी: ‘श्वास’, ‘स्पर्श’, ‘कोशिश’, ‘क्रिप कॅम्प’. कर्णबधिर मुलांच्या एका शाळेने येतो म्हणून कळवलंय. अंध मंडळींचं एक भजनी मंडळ आहे, तेही येणार. सभागृह भाड्याचं, जुनं, दारात तीन पायऱ्या.

मंडळातल्या ज्येष्ठांचं म्हणणं आहे की सगळे सिनेमे प्रेरणादायी हवेत, लोक उमेद घेऊन घरी गेले पाहिजेत. मला ते पूर्ण पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाहीये. ज्यांचा हा रोजचा विषय आहे त्यांनी लिहावं.

रेडिओवाली (पुणे):
‘श्वास’पासून सुरुवात करते, कारण तो माझ्या फार जवळचा आहे. माझी दृष्टी सातव्या वर्षी गेली. 2004 साली तो आला, ‘श्यामची आई’नंतर मराठीला पहिल्यांदाच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि घरचे सगळे मला घेऊन थिएटरात गेले. आईला रडू आवरेना. सिनेमा अतिशय प्रामाणिक आहे. पण तो मुख्यतः आजोबांचा आणि डॉक्टरांचा आहे, म्हणजे नातू परशाचे डोळे जाणार हे कळलेल्या मोठ्या माणसांचा. तो जिथे संपतो, तिथून पुढचं मी जगतेय. ब्रेल शिकले, बँकेत लागले, घरच्यांशी भांडून लग्न केलं, रोज गर्दीत कंडक्टरच्या आवाजावरून बसचं दार शोधते. हे पडद्यावर फारसं येतच नाही.

म्हणून ‘श्वास’च्या पाठोपाठ त्याच दिवशी ‘स्पर्श’ लावा. सई परांजपे यांनी तो दिल्लीतल्या अंधशाळेत चित्रित केला, त्यातली मुलंही खरीच अंध आहेत. नसीरुद्दीन शाह यांचा मुख्याध्यापक मला ओळखीचा वाटतो. हट्टी, तापट, कुणी न मागता मदतीला आलं की दुखावणारा, आणि प्रेमात पडल्यावर स्वतःच्याच अहंकारात अडकलेला. तो कुणाला प्रेरणा द्यायला बसलेला नाही.

तुमच्या ज्येष्ठांना माझ्याकडून एवढं सांगा. प्रेरणा मिळाली की डोळस प्रेक्षक समाधानाने घरी जातो. मागच्या रांगेतल्या अंध मुलीला मात्र एवढंच कळतं की डोंगर सर केल्याशिवाय आपल्यावर कुणी सिनेमा काढणार नाही.

आता यादीपेक्षा मोठी गोष्ट. भजनी मंडळ येऊन बसेल, पण त्यांना सिनेमा पोचणार कसा? संवाद थांबले की आम्हाला नुसतं पार्श्वसंगीत ऐकू येतं. ध्वनिवर्णन, म्हणजे पडद्यावर काय दिसतंय ते संवादांच्या मधल्या जागांत सांगणारा आवाज, हवंच. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात त्याची तरतूद आहे, आणि 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’च्या ओटीटी आवृत्तीसाठी ते तयार करायला सांगितलं होतं. जुन्या सिनेमांना तयार मिळणं कठीण आहे, तुम्हालाच करावं लागेल. मी मदत करेन.

हातांची भाषा:
माझे आईवडील दोघेही कर्णबधिर, मी दुभाषी म्हणून काम करते. ‘कोशिश’ जरूर ठेवा, पण त्यात कर्णबधिर जोडपं झालेले संजीव कुमार आणि जया भादुरी दोघेही ऐकू येणारे. ‘खामोशी’त नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास, तेही तसेच. 2022 मध्ये ‘कोडा’ या कर्णबधिर कुटुंबावरच्या सिनेमासाठी ट्रॉय कोत्सुर यांना ऑस्कर मिळालं, ते स्वतः कर्णबधिर आहेत. त्यांचं भाषण मी बाबांना दाखवलं. बाबांनी ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं आणि संध्याकाळी शेजाऱ्यांना बोलावून आणलं. शाळेतल्या मुलांना हे बघायला मिळू दे.

मराठी अक्षरं पडद्यावर आली म्हणजे भागलं असं धरू नका. अनेक मुलांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते, भराभर सरकणारं मराठी त्यांना जड जातं. दुभाषी दोन घ्या, आलटून पालटून, एकाचे हात आणि डोकं थकतं. अंधारात दुभाष्यावर छोटा दिवा हवा. आणि चर्चेत प्रश्न विचारताना त्या मुलाकडे बघून विचारा, दुभाष्याकडे नाही.

चाकांवरून:
तीन पायऱ्या म्हणजे साधारण दीड फूट उंची. एका फुटाला बारा फूट या हिशेबाने अठरा फूट लांब उतार लागेल. फळी टाकून चौघांनी उचलून घेणं कृपया नको, मला त्याची भीती वाटते. मधल्या रांगेतल्या दोनतीन खुर्च्या काढा, म्हणजे मित्रांच्या शेजारी बसता येईल. स्वच्छतागृहाचं दार आजच मोजून या.

‘क्रिप कॅम्प’ पहिल्या दिवशी ठेवा, तो अमेरिकेतल्या अपंग मुलांच्या उन्हाळी शिबिरावरचा माहितीपट आहे. दिग्दर्शकांपैकी जिम लेब्रेक्ट स्वतः त्या शिबिरात होते. तिथली मुलं सिगारेटी ओढतात, प्रेमात पडतात, आणि त्यांच्यातलेच काही जण पुढे 1977 मध्ये अपंगांच्या हक्कांसाठी सॅन फ्रान्सिस्कोची सरकारी इमारत तीन आठवड्यांहून जास्त अडवून धरतात. माझ्या कॉलेजच्या दिवसांत हे बघायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

आर्याचे बाबा:
‘यलो’ यादीत का नाही? गौरी गाडगीळने त्यात स्वतःचीच भूमिका केली आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे. माझ्या लेकीलाही आहे. ती पडद्याजवळ जाऊन उभी राहिली आणि “ही माझ्यासारखी” म्हणाली. त्या खेळाला दिवे पूर्ण घालवू नका, आवाज थोडा कमी ठेवा, मुलं उठून फिरली तर फिरू द्या.

कृष्णाकाठ:
‘यलो’ घेतोय. निवडीच्या बैठकीला भजनी मंडळातले दोघे आणि शाळेतल्या कर्णबधिर शिक्षिका येणार आहेत. सगळ्या सिनेमांच्या जाहीर खेळांसाठी हक्कधारकांना पत्रं लिहितोय, घरच्या ओटीटीवरून दाखवता येत नाही. ताई, ‘स्पर्श’चं वर्णन कसं लिहायचं?

रेडिओवाली:
संवादांच्या मधल्या जागा सेकंदांत मोजा आणि तेवढ्यात मावेल तेवढंच लिहा. “तो दुःखी आहे” असं लिहू नका. “खिडकीशी उभा, पाठ तिच्याकडे” असं लिहा, दुःख आमचं आम्हाला कळतं. संवादावर कधीच बोलू नका. वाचणाऱ्याला वेगळा माइक द्या आणि ऐकणाऱ्यांना इयरफोन, नाहीतर बाकीचे वैतागतील. मसुदा झाला की आधी भजनी मंडळातल्या एखाद्याला ऐकवा, तो “आता काय चाललंय?” विचारेल तिथे दुरुस्ती करा. मग मला पाठवा.